सोबत्याची चूक आणि आपली जीभ

गेल्या दिवाळीच्या सुटींत एक परिचित पालक सायंकाळीं आमच्याकडे आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनीं आपल्या मनांतील खरी गोष्ट बोलून दाखविली. त्यांचा मुलगा नवव्या इयत्तेंत आहे. घरांत तो अतिशय शांत. आजीचें औषध वेळेवर देणारा, शेजारच्या लहान मुलांस सायकल शिकविणारा. परंतु रात्रीं कानांवर हेडफोन चढवून तो ऑनलाइन खेळावयास बसला म्हणजे भिंतीपलीकडून जे शब्द येतात ते ऐकून आजीनें एकदां घाबऱ्या घाबऱ्या विचारलें, "हा कुणाला मारतोय का रे?" वडील आम्हांस म्हणाले, "तो खेळतो याचं मला वाईट वाटत नाही. मीही क्रिकेटपायी जेवण विसरत असे. पण हा ज्याला बोल लावतो तो याच्याच बाजूचा गडी असतो हो! विचारलं तर म्हणतो, 'बाबा, मी त्याला समजावून सांगत होतो.'"

हें ऐकून त्या मुलास दोष देणारे दोन शब्द आमच्या ओठांवर आले होते. इतक्यांत आमचीच एक गोष्ट आम्हांस आठवली आणि आम्ही गप्प बसलों. ती गोष्ट पुढें सांगूं. परंतु त्या रात्रीपासून हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना कीं, 'समजावून सांगणें' आणि 'बोल लावणें' हीं दोन कामें इतकीं भिन्न असतांना खेळाच्या भरांत तीं एकमेकांत इतकीं कशीं मिसळून जातात?

या खेळांचें स्वरूप बहुतेक विद्यार्थ्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. म्हणून पुढील चार ओळी पालकांकरितां आहेत. आपापल्या घरीं बसून, फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर, दूरदूरचे लोक एकाच वेळीं एकच डाव खेळतात. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळांत शंभरपर्यंत खेळाडू एकाच रणांगणावर उतरतात व चार जणांची एक तुकडी करून लढतात. 'लीग ऑफ लीजेंड्स' या २००९ सालीं निघालेल्या खेळांत पांच विरुद्ध पांच असा सामना असतो. तुकडींतील सोबती कधीं वर्गमित्र असतात. पुष्कळदां मात्र ते सर्वस्वीं अपरिचित असतात, यंत्रानें त्या घटकेपुरते जोडून दिलेले. त्यांच्याशीं माइकवरून बोलतां येतें किंवा लिहून निरोप धाडतां येतो. पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयीं आम्ही येथें कांहींच लिहीत नाहीं. तसल्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत संमत केला आहे, आणि त्यांत सोबत्यास द्यावयाचा सल्ला एकच: त्यांत पडूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मैदानावर खो-खो किंवा कबड्डी खेळतांना आपण सोबत्यावर ओरडत नाहीं काय? ओरडतों. परंतु तेथें ओरडणाऱ्याचें तोंड समोर दिसतें. "अरे, उठ कीं लवकर!" असें म्हणतांना त्याचा हात सोबत्याच्या पाठीवर असतो, आणि डाव संपल्यावर दोघे एकाच नळावर पाणी पितात. पडद्यावरील खेळांत तोंड गेलें, हात गेला, नळही गेला. उरले ते केवळ शब्द. जॉन सूलर या मानसशास्त्रज्ञानें २००४ सालीं एका निबंधांत असें दाखविलें कीं, इंटरनेटवर माणूस दिसत नाहीं, त्याचें खरें नांव कळत नाहीं, व त्याच्या बोलण्याचा परिणाम त्याला समोर पाहावा लागत नाहीं; यामुळें समोरासमोर जें तो कधींच बोलला नसता तें सहज बोलून जातो. सूलर यांनीं ही गोष्टही नमूद केली आहे कीं, याच मोकळेपणामुळें माणसें कधीं कधीं अनोळख्यांशीं विलक्षण मायेनेंही वागतात. म्हणजे दार उघडें असतें. त्यांतून काय बाहेर पडावें हें आपल्या हातीं राहतें.

लिखित शब्दांची तर गोष्टच निराळी. २००५ सालीं जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ले व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं वाक्यें गंभीरपणें व कांहीं उपरोधानें, ईमेलनें अथवा आवाजानें, दुसऱ्यास कळवावयाचीं होतीं. पाठविणारांस वाटत होतें कीं, आपला भाव शंभरांपैकीं सुमारे ७८ वेळां बरोबर ओळखला जाईल. आवाजानें सांगितलेल्या वाक्यांच्या बाबतींत तें जवळजवळ खरें ठरलें. ईमेलच्या बाबतींत मात्र ओळखणारे सुमारे ५६ वेळांच बरोबर निघाले. नाणें उडवून उत्तर दिलें असतें तरी पन्नास वेळां बरोबर आलें असतें! लिहिणाऱ्याच्या कानांत स्वतःचा सूर वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानांत तो वाजत नाहीं. "वा, छान खेळलास" हें आपण मनापासून लिहिलें, तरी नुकताच हरलेला सोबती तें टोमणा म्हणूनच वाचण्याचा संभव फार.

कोणी म्हणेल, वाईट बोलणारे थोडे टारगट असतात, त्यांस हांकलून द्यावें म्हणजे झालें. 'लीग ऑफ लीजेंड्स' काढणाऱ्या कंपनीसही प्रथम असेंच वाटलें होतें. जेफ्री लिन या संशोधकाच्या देखरेखीखालीं तिनें खेळाडूंच्या वर्तनाचा बारकाईनें अभ्यास केला. तेव्हां आढळलें तें असें: सतत दुष्टपणानें वागणारे खेळाडू शेंकडा एकच्या आसपास होते, परंतु एकंदर वाईट वर्तनापैकीं शेंकडा पांचच त्यांच्या पदरीं पडत होतें. बाकीचें बहुतेक सारें तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांचें, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता अशांचें होतें. आमच्या परिचिताचा मुलगाही त्यांतलाच, आणि आम्हीही.

त्याच संशोधकांचे आणखी दोन प्रयोग मनोवेधक आहेत. पूर्वीं त्या खेळांत प्रतिपक्षाशीं बोलण्याची सोय आपोआप चालू असे. ती त्यांनीं बंद ठेविली व ज्यास बोलावयाचें असेल त्यानें ती स्वतः चालू करावी असें केलें. बोलणारांची संख्या फारशी घटली नाहीं, तरी कडवट बोलणें सुमारें एक तृतीयांशानें कमी झालें आणि चांगलें बोलणें जवळजवळ तितक्याच प्रमाणांत वाढलें. बोलण्यापूर्वीं एक कळ दाबावी लागली, एवढाच काय तो फरक! दुसऱ्या प्रयोगांत सामना सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर सूचना दाखविल्या गेल्या. चुकलेल्या सोबत्यास छळलें तर त्याचा खेळ आणखी बिघडतो, अशा अर्थाची सूचना लाल अक्षरांत दाखविली तेव्हां शिवीगाळ लक्षांत येण्याजोगी कमी झाली. तीच पांढऱ्या अक्षरांत दाखविली तेव्हां तसा परिणाम दिसला नाहीं. आमच्या मतें यांतील रंगापेक्षां मजकूर महत्त्वाचा आहे. 'सभ्यपणें वागा' असें त्यांत म्हटलेलें नाहीं. तुम्ही बोललांत तर तुम्हीच हराल, असें म्हटलें आहे.

खेळ चालू असतांना तोंडांतून जें निघतें त्याच्या आम्ही तीन जाती मानतों: खबर, सल्ला आणि ठपका. "दोनशें चाळीसवर दोघे, घराच्या मागें" ही खबर झाली. (या खेळांत पडद्याच्या वरच्या बाजूस होकायंत्राचे अंश दिसतात, त्यावरून दिशा सांगण्याची रीत आहे, हें आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांनींच शिकविलें.) "आपण टेकडीच्या आडून जाऊं या" हा सल्ला. "तुला दिसत नाहीं का रे?" हा ठपका, व्याकरणदृष्ट्या तो प्रश्न असला तरी त्यास उत्तर नाहीं. चकमक सुरू असतांना खबर सोन्याच्या मोलाची असते, सल्ला थोडा व थोडक्यांत चालतो, आणि ठपक्याचा उपयोग शत्रूस होतो. कारण ज्यास ठपका दिला त्याचें अर्धें लक्ष तत्क्षणीं लढाईंतून निघून त्या शब्दाकडे जातें. आमचा अनुभव असा कीं, ज्याला उत्तम खबर देतां येते त्यास सल्ला क्वचितच द्यावा लागतो. २०१९ सालीं निघालेल्या 'एपेक्स लीजेंड्स' या खेळांत तर एक कळ दाबून नकाशावरच खूण करण्याची इतकी सोयीस्कर व्यवस्था केली आहे कीं, एकमेकांची भाषा न जाणणारे तीन अनोळखी गडीही 'येथें शत्रू', 'येथें दारूगोळा', 'इकडे जाऊं' हें सारें न बोलतां सांगूं शकतात. त्या खुणेस आवाज चढवितां येत नाहीं, हा तिचा मोठाच गुण!

आतां आमची गोष्ट. आम्हांस धांवपळीचे खेळ जमत नाहींत. बोटें साथ देत नाहींत. आम्ही दर रविवारीं रात्रीं 'बोर्ड गेम अरीना' या ठिकाणीं 'हानाबी' नांवाचा पत्त्यांचा खेळ खेळतों. खेळणारे चौघे: आम्ही, दुबईस नोकरीनिमित्त असलेली आमची भाची, आणि आमचे दोन जुने विद्यार्थी, सख्खे भाऊ. हानाबी म्हणजे जपानी भाषेंत शोभेची दारू. आंतवान बोझा या फ्रेंच गृहस्थानें हा खेळ २०१० सालीं काढला व २०१३ सालीं त्यास जर्मनींतील वर्षाच्या उत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. याची गंमत अशी कीं, आपले पत्ते आपण पाहावयाचे नाहींत. ते इतरांकडे तोंड करून धरावयाचे. माझ्या हातांत काय आहे तें मला सोडून सर्वांस दिसतें!

पांच रंग, प्रत्येक रंगाचे दहा पत्ते, एकूण पन्नास. प्रत्येक रंगांत एक्के तीन, दुर्‍या, तिर्‍या व चौकटे दोन दोन, आणि पंजा मात्र एकच. एकापासून पांचापर्यंत प्रत्येक रंगाची चढती रास सर्वांनीं मिळून लावावयाची. पांचही राशी पुऱ्या झाल्या तर २५ गुण. आपल्या पाळीस तीनांपैकीं एक गोष्ट करतां येते: पत्ता लावणें, पत्ता टाकून देणें, किंवा सोबत्यास खूण देणें. खूण देतांना केवळ रंग किंवा केवळ आंकडा सांगावयाचा: "तुझे हे दोन तांबडे आहेत," किंवा "हा तुझा पंजा आहे." अधिक एक अक्षरही नाहीं. अशा खुणा आठच असतात. प्रत्येक खुणेस एक चकती खर्च होते व पत्ता टाकल्यावर एक चकती परत मिळते. सल्ल्यावर रेशन असलेला हा खेळ आहे म्हणा ना. 'लाव' अथवा 'टाक' असा हुकूम येथें देतांच येत नाहीं. जें खरें आहे तेवढें सांगावयाचें, आणि निर्णय ज्याच्या हातांत पत्ता त्याचा.

हा नियम किती शहाणपणाचा आहे, हें कळण्यासाठीं 'पॅन्डेमिक' हा मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा खेळ आठवावा. त्यांत सर्वांनीं मिळून जगांतील चार रोगांवर उपाय शोधावयाचा असतो व सर्व माहिती सर्वांपुढें उघडी असते. परिणामीं पुष्कळदां असें होतें कीं, जो सर्वांत अनुभवी तो चौघांच्याही चाली ठरवूं लागतो. त्याचा सल्ला बहुधा बरोबरही असतो. परंतु बाकीचे तिघे हळूहळू जांभया देऊं लागतात, कारण ते खेळत नाहींत, नुसते हात हलवितात.

असो. त्या रविवारीं डाव मध्यावर आला होता. चकत्या दोनच उरल्या होत्या. भाचीच्या हातांतील सर्वांत जुना पत्ता हिरवा पंजा होता. तो आम्हां तिघांसही दिसत होता. तिला मात्र त्याची एकही खूण मिळालेली नव्हती. आमच्यांत ठरलेला रिवाज असा कीं, टाकावयाचा झाल्यास ज्याची खूण मिळालेली नाहीं असा सर्वांत जुना पत्ता टाकावा. आमच्या पाळीस आम्हीं धाकट्या भावास त्याच्या तिरीची खूण दिली व चकती एकच राहिली. पुढली पाळी भाचीची. चकत्या कमी म्हणून तिनें रिवाजाप्रमाणें जुना पत्ता टाकला. हिरवा पंजा गेला. पंजा एकच असतो. हिरवी रास आतां पुरी होणें नाहीं. आम्हीं लगेच लिहिलें, "अरेरे! तो पंजा होता!" आणि डाव २२ गुणांवर संपतांच चांगल्या पांच ओळी लिहून काढल्या: पत्ता नीट पाहून टाकीत जा, पंजा एकच असतो हें ध्यानांत ठेव, घाई करूं नये, इत्यादि इत्यादि. शिक्षकाची संवय, दुसरें काय? तिचें उत्तर आलें, "बरं, मामा."

पुढल्या रविवारीं तिला काम होतें. त्यापुढल्या रविवारींही. तिसऱ्या रविवारीं तिनें कारणही सांगितलें नाहीं.

तिघांनींच खेळावें लागलें, म्हणून एके दिवशीं आम्हीं तो जुना डाव पुन्हां उघडून पाहिला. झालेला डाव चाल-दर-चाल पाहण्याची तेथें सोय आहे. पाहतां पाहतां आमचे कान तापले. धाकट्या भावाची पाळी येण्यापूर्वीं भाची व थोरला भाऊ अशा दोन पाळ्या व्हावयाच्या होत्या. त्याला ती तिरीची खूण त्या दोघांपैकीं कोणीही देऊं शकला असता. भाचीला पंजाची खूण देण्याची शेवटची संधि मात्र केवळ आमचीच होती, कारण तिच्या पाळीच्या लगत आधीं आम्ही होतों. पत्ता तिला दिसत नव्हता. आम्हांस दिसत होता. आणि आम्हीं तिला लिहिलें होतें, 'नीट पाहून टाकीत जा'!

आम्हीं तिला फोन केला व जें पाहिलें तें जसेंच्या तसें सांगितलें. ती थोडी थांबून म्हणाली, "मामा, चूक कुणाची याचं मला काही नव्हतं. खेळात व्हायचंच. पण मला तो पत्ता दिसतच नव्हता, आणि तुम्ही मला पाहायला सांगत होतात. ऑफिसात दिवसभर हेच ऐकते हो; म्हणून रविवारी पुन्हा नको वाटलं."

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या रणांगणावरील खेळांतही पत्ते असेच उलटे धरलेले असतात. तुमचा सोबती जेथें उभा आहे तेथून त्याला काय दिसतें तें तुमच्या पडद्यावर नसतें. तुम्हांस दिसणारा शत्रू कदाचित् त्याच्या बाजूनें भिंतीआड असेल. त्याचें नेट अडखळत असेल. त्याच्याजवळ गोळ्या संपल्या असतील. म्हणून चूक दिसली कीं प्रथम स्वतःस विचारावें: हें त्याला कळण्याचा मार्ग होता काय, आणि तो मार्ग माझ्याच तोंडांत तर नव्हता?

यानंतरही सांगण्याजोगें कांहीं उरलें, तर तें केव्हां सांगावें? बुद्धिबळांत या प्रश्नाचें उत्तर जुनें व स्पष्ट आहे. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणें चालू डावांत खेळाडूनें कोणाचाही सल्ला घ्यावयाचा नाहीं व प्रेक्षकांनींही डावाविषयीं बोलावयाचें नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या कितीतरी विद्यार्थिनी फोनवर बुद्धिबळ खेळूं लागल्या आहेत. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, मैत्रिणीच्या चालू ऑनलाइन डावांत तिला चाल सुचविणें हा मदतीचा नव्हे, तर लबाडीचा प्रकार होतो. तेथें मौन हेंच सौजन्य. डाव संपला म्हणजे मात्र दोन्ही खेळाडू पट पुन्हां मांडून चाली तपासतात. जपानांत शोगी नांवाचें तेथील बुद्धिबळ खेळणारांत तर यास 'कान्सोसेन' असें नांवच आहे. डाव संपतांच हरलेला व जिंकलेला समोरासमोर बसून 'येथें दुसरें काय करतां आलें असतें?' हें एकमेकांस विचारतात.

विचारतात, हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. "पुलावर जाण्याचा तुझा बेत काय होता?" असें आधीं विचारलें तर दोन गोष्टी साधतात. एक, कदाचित् त्याचा बेत आपल्याहून चांगला निघतो. (हें आमच्या बाबतींत इतक्यांदां झालें आहे कीं, आतां आम्ही विचारल्याशिवाय राहतच नाहीं.) दुसरी, स्वतःचा बेत बोलून दाखवितांना त्याची चूक त्यालाच दिसते, आणि स्वतःला दिसलेली चूक झोंबत नाहीं. ऑनलाइन बुद्धिबळांत डाव संपल्यावर संगणक प्रत्येक वाईट चालीपुढें निर्दयपणें खूण करून ठेवतो. त्याला शिष्टाचार ठाऊक नाहीं. तरी त्याचा राग कोणास येत नाहीं. आम्हांस वाटतें, तो 'मी तुझ्या जागीं असतों तर' असें कधीं म्हणत नाहीं म्हणून.

आपल्या मराठी भाषेनें या कामीं फार सोय करून ठेविली आहे. इंग्रजींत 'आम्ही' आणि 'आपण' यांस एकच शब्द, आपल्याकडे दोन. "तूं फार पुढें जातोस" यांत बोट सोबत्याकडे असतें. "आपण जरा मागें राहूं या का?" यांत बोलणारा स्वतःही दोन पावलें मागें येतो. 'जरा', 'बघूं या', 'जमलं तर' हे बापुडे शब्द व्याकरणांत कोणी मोजत नाहीं, परंतु कडू औषधाभोंवतीं गूळ तोच असतो. उलट 'नेहमीं' हा शब्द विषासमान. "तूं नेहमींच असं करतोस" असें म्हटलें कीं बोलणें चालीवरून माणसावर गेलें. अनोळखी सोबत्यास एकदम 'तूं' म्हणण्याविषयीं आमच्या मनांत शंका आहे. पलीकडे बारा वर्षांचा मुलगा असेल, तसा दोन मुलांचा बापही असेल. आणखी एक गोष्ट आमच्या पाहण्यांत आली आहे. घरांत तोंडांतून अपशब्द न काढणारीं आमचीं मुलें अशा खेळांत हिंदी किंवा इंग्रजी शिव्या सहज वापरतात, कारण परक्या भाषेंतील शब्दाचें वजन त्यांच्या जिभेस जाणवत नाहीं. ऐकणाऱ्याची ती मायबोली असूं शकते.

सल्ला एका वेळीं एकच द्यावा. आम्हीं भाचीस पांच दिले, तिला एकही लागला नाहीं. चौघांसमक्ष न देतां त्या एकट्यास लिहितां आला तर बरें. नवख्यास त्यानें न विचारतां शिकवूं नये, "एक सांगूं का?" असें विचारावें, आणि तो गप्प राहिला तर तें नकाराचेंच उत्तर समजावें. चांगली खेळी दिसली तर मात्र परवानगीची गरज नाहीं. ती भर सामन्यांत, सर्वांसमक्ष वाखाणावी. 'ओव्हरवॉच' या खेळांत २०१८ पासून सामना संपल्यावर सोबत्यांची अशी वाखाणणी करण्याची कळच दिलेली आहे. जो उघड उघड शिवीगाळ करूं लागतो त्यास सुधारण्याच्या भरीस पडूं नये. त्याचा आवाज बंद करावा, आवश्यक तर तक्रार नोंदवावी, आणि आपला खेळ खेळावा.

पालकांसही एक विनंती आहे. ज्याप्रमाणें मुलानें सोबत्यास भर लढाईंत टोंचूं नये, त्याचप्रमाणें आपणही त्याच वेळीं दारांत उभे राहून "बंद कर तें आधीं!" असें म्हणूं नये. पांच जणांचा सामना मध्येंच थांबवितां येत नाहीं. एक गडी उठून गेला तर उरलेले चौघे उघडे पडतात, व पुष्कळ खेळांत उठून जाणाऱ्यास दंडही होतो. मुलगा चिडतो तो बहुधा आज्ञेवर नव्हे, वेळेवर. सामना सुरू होण्यापूर्वीं 'हा शेवटचा' असें ठरवून घ्यावें, आणि ठरलेलें मोडलें तर दुसऱ्या दिवशीं, जेवण झाल्यावर, शांतपणें बोलावें. आमच्या परिचितांस आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, एके रात्रीं त्याच्या शेजारीं खुर्ची टाकून नुसतें पाहत बसा, आणि मग त्यालाच विचारा, "तो तुझा गडी तिथं का थांबला होता रे?" त्यांनीं तसें केलें. मुलगा प्रथम संकोचला, मग बराच वेळ समजावून सांगत राहिला. या वेळीं खरोखरच समजावून. मध्येंच तो थांबला व म्हणाला, "बाबा, त्याच्याकडे गोळ्याच नव्हत्या वाटतं."

भाची पुढल्या रविवारीं आली. डाव रंगांत आला असतां तिच्या सर्वांत जुन्या जागीं पुन्हां एक पंजा येऊन बसला, या खेपेस पिवळा. चकती एकच होती. आम्हीं ती खर्च करून खूण दिली. तिनें लिहिलें, "मामा, वेळेवर बोललात." त्या रात्रीं २३ गुण झाले. पुढला एक गुण कोणामुळें गेला हें आम्हां चौघांसही ठाऊक आहे, आणि तो कोण हें येथें लिहिण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, त्या गृहस्थास कोणी कांहीं बोललें नाहीं.